यंत्राचं कपाळ

पेंडीत कस किती, हे शोधायला आता ॲसिड नको, उकळणं नको आणि दिवसभर खोकणं तर नकोच, असं विठोजी सगळ्यांना सांगत सुटला होता. वाटीभर पेंड यंत्रात ठेवायची. यंत्र तिच्यावर उजेड टाकणार, परत आलेला उजेड मोजणार आणि मिनिटात प्रथिनांचा आकडा हातावर ठेवणार!

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात विठोजी बारा वर्षं केमिस्ट होता. यंत्र आलं होतं आठ दिवसांच्या बोलीवर. मालक देवाप्पांना पटलं, तर ते राहणार आणि विठोजी त्याचा प्रमुख होणार. नाही पटलं, तर यंत्र परत आणि विठोजीही परत त्याच ॲसिडाच्या धुरात.

मध्येच आली आयुधपूजा. त्या दिवशी पीण्यात लेथपासून लॉरीपर्यंत कुणीही कुंकवावाचून सुटत नाही. विठोजीने यंत्राला झेंडूचा हार घातला, दारात कोहळा फोडला, तरी त्याचं मन भरेना. कुंकू लावायचं ते कपाळाला. पण या चौकोनी ठोकळ्याचं कपाळ कुठलं? बराच विचार करून, जिथून उजेड बाहेर पडतो त्या काचेवरच त्याने तेलात कालवलेल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. यंत्राचा सगळा जीव तिथेच तर होता!

दसरा आटोपला आणि देवाप्पा परीक्षेला आले. विठोजीला काचेवरचा टिळा दिसत होता. पण पूजेचं कुंकू आपल्या हाताने कोण पुसतो? त्याने शेंगदाण्याची पेंड ठेवली. प्रथिनं एकवीस टक्के. भाताचा कोंडा ठेवला. एकवीस. मका ठेवला. एकवीस! विठोजीला दरदरून घाम फुटला.

देवाप्पांनी यंत्राच्या खोक्यातला लाकडाचा भुसा मूठभर काढला आणि स्वतःच वाटीत भरला. एकवीस. मग ते कन्नडमध्ये अगदी शांतपणे म्हणाले, की पेंड कशाला आणायची, गाईंना टेबलखुर्च्याच घालू. बारा वर्षांची अब्रू त्या भुशात गेली, असं विठोजीला वाटलं.

केर काढणारी अंबुबाई, मूळची निपाणीकडची, इतका वेळ दारातून बघत होती. ती झाडू ठेवून पुढे आली आणि यंत्रात वाकून म्हणाली, "अण्णा, ह्याच्या डोळ्यातच कुंकू घातलासा की. मग दिसायचं कसं त्याला?"

तिने ओल्या फडक्याने काच लख्ख पुसली. पेंड पंचेचाळीसवर गेली, कोंडा तेरावर उतरला, मका नऊवर. भुशाला तर यंत्राने उभंच केलं नाही. देवाप्पा पोट धरून हसले आणि त्यांनी यंत्र ठेवून घेतलं. विठोजी खरोखरच प्रमुख झाला. त्या दिवशी तो इतका खूश होता, की घरी जाताना त्याने सबंध गल्लीला पुरेल एवढा म्हैसूरपाक नेला.

दुसऱ्या दिवशी नवा शर्ट घालून तो यंत्राच्या खोलीशी आला, तर दाराला कुलूप. किल्ली अंबुबाईच्या कमरेला होती. मालकांनीच दिली होती म्हणे.

"आदी हात दाखवा, अण्णा," ती म्हणाली.

प्रमुखसाहेबांनी निमूटपणे दोन्ही हात पुढे केले.