पाटकरी अण्णांचं वायफाय

आमच्या शेजारचे रंगनाथअण्णा वायफायला पाणी म्हणतात. विनोद म्हणून नाही. विनोद हा प्रकार अण्णांना मान्य नाही.

"सर, पानी हाय का?" असं ते सकाळी ओट्यावरून विचारतात, तेव्हा नव्या माणसाला वाटतं नळाची चौकशी चालली आहे. मिरजगावात तीही चौकशी अस्थानी ठरत नाही. पण नळाला अण्णा नळच म्हणतात. पाणी म्हणजे इंटरनेट, केबल म्हणजे पाट, राउटर म्हणजे दार, आणि ज्याच्या फोनवर गोल चक्र फिरत राहतं तो बिचारा टेलचा माणूस.

अण्णांनी एकतीस वर्षं कालव्यावर पाटकऱ्याची नोकरी केली. कुठल्या चारीचं, म्हणजे कालव्याच्या फाट्याचं, दार कधी उघडायचं, कुणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचं, हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. कालव्याचं वरचं टोक ते हेड, शेवटचं ते टेल. हेडवाल्याकडे पाणी येतं, टेलवाल्याकडे पाण्याची बातमी येते. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्म करतात, मी पुस्तकांवरची धूळ झटकतो, अण्णांनी गल्लीतलं वायफाय हाती घेतलं. कुणी नेमलं नाही. पण दारात उभं राहून इतक्या अधिकाराने "कधीपासनं तुटलंय?" विचारणाऱ्या माणसाला कुणी ओळखपत्र मागत नाही.

त्यांची पहिली पायरी ठरलेली. राउटरकडे बघायचंही नाही. "आदी पाट चालायचा, मग दार बघायचं." म्हणजे रस्त्यावरच्या खांबापासून घरापर्यंत केबलखालून चालत यायचं, हातात काठी, मान वर. गेल्या वर्षी अख्ख्या गल्लीचं नेट तीन दिवस गेलं. गळ्यात पट्टा घातलेला कंपनीचा तंत्रज्ञ आला, लॅपटॉप उघडला आणि "वरूनच इश्यू आहे" म्हणाला. हे वाक्य मी चाळीस वर्षं सरकारी कॉलेजांत आणि कचेऱ्यांत ऐकलं आहे. त्याला उत्तर नसतं, कारण वर कोण असतं ते कुणालाच माहीत नसतं.

अण्णांनी मात्र काठी उचलली. तिसऱ्या घराच्या कुंपणावर दोडक्याचा वेल केबलला धरून चढला होता आणि त्याच्या ओझ्यानं केबल खिळ्यावर काटकोनात मुडपली होती. अण्णांनी वेल सोडवला, केबल सरळ केली आणि रस्त्यातूनच आरोळी ठोकली, "आलं का?"

घराघरांतून उत्तर आलं, "आलं!"

"नळी मुरगाळली की पानी येतंय व्हय?" एवढंच ते तंत्रज्ञाला म्हणाले. तो जाताना नम्रपणे म्हणाला, "काका, स्पीड थोडा कमी असेल, संध्याकाळपर्यंत येईल."

त्यावर अण्णा असे भडकले की मी चष्मा सावरून बाहेर आलो. "येईल म्हनू नगंस! आलं म्हन, न्हाईतर न्हाई म्हन. येईल म्हंजे काय?" तंत्रज्ञानं बॅग उचलली आणि मोटारसायकल ढकलतच कोपरा गाठला.

'येईल' या शब्दाशी अण्णांचं वैर आहे. आमच्या घरातही तो त्यांच्यासमोर चालत नाही. हिने एकदा "मुक्ता शनिवारी येईल" म्हटलं, तर म्हणाले, "आली की सांगा, वैनी." मी हे व्याकरणाचं खूळ समजून सोडून दिलं.

मुक्ता म्हणजे आमची मुलगी. पुण्याच्या कंपनीत नोकरी करते. दिवाळीनंतर तिने घरून काम करायची परवानगी मिळवली आणि बऱ्याच वर्षांनी आमच्याकडे जेवायला तिसरं ताट आलं. अट एकच. रोज संध्याकाळी साडेसहाला तिची परदेशी साहेबांशी मीटिंग असते, ती तुटता कामा नये. पहिल्याच आठवड्यात ती चारदा तुटली. पडद्यावरचा साहेब बोलता बोलता दगड होऊन बसायचा, तोंड उघडं. मुक्ताने सांगून टाकलं, "बाबा, या आठवड्यात नीट झालं तर मेपर्यंत राहते. नाहीतर सोमवारी मी गेले." हिने त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं.

मी अण्णांना बोलावलं. अण्णांनी पाट चालला, दार बघितलं, आणि आमच्या घरातल्या प्रत्येक यंत्राचं पीक ठरवलं.

"टीव्ही म्हंजे ऊस. कितीबी पाजा, ढेकर न्हाई. सरांचा मोबाईल ज्वारी. चार दिस न्हाई मिळालं तरी मरत न्हाई."

"आणि माझी मीटिंग?" मुक्ताने विचारलं.

"त्यो भाजीपाला, पोरी. लागतं थोडं, पर येळेवर लागतं. अर्धा तास उशीर झाला की कोमेजलं."

मुक्ता इंजिनिअर आहे. ती माझ्या कानात म्हणाली, "बाबा, आमच्या कंपनीत हे समजवायला दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवतात."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर शेजपाळी लागली. शेजपाळी म्हणजे पाणी घेण्याची ठरलेली पाळी, कुणी कुणानंतर. साडेसहा ते साडेसात मुक्ता. मग हिची मालिका. मग मी, म्हणजे ज्वारी. राउटर पुस्तकांच्या कपाटामागून निघून मधल्या खोलीत उंचावर गेला. ("एवढ्या कागदातनं पानी झिरपतंय, व्हाईल कसं?") राउटर बंद करून चालू करण्याची जगन्मान्य युक्तीही अण्णा वापरतात, पण बंद आणि चालू यांच्यामध्ये एक पूर्ण कप चहा गेलाच पाहिजे. "डबकं रिकामं हुऊ द्या आदी." आमच्याकडे त्या आठवड्यात बारा डबकी रिकामी झाली.

सगळं दिवसभर लखलखीत चालायचं. साडेसहा वाजले की परदेशी साहेब पुन्हा दगड.

आता मला एक गोष्ट खटकायला लागली. अण्णा उपाय सुचवताना डोळ्याला डोळा देईनात. फ्रीजवर संशय घेतला, मग धुक्यावर, मग हिच्या मिक्सरवर; त्याचं नाव शेजपाळीच्या कागदावरही चढवलं. मिक्सरवर आळ आला तेव्हा ही म्हणाली, "अण्णा, मिक्सर सकाळी असतो, मीटिंग संध्याकाळी. तुमचं काहीतरी दुसरंच चाललंय." अण्णा चहा अर्धा टाकून गेले. अण्णांनी चहा टाकणं म्हणजे कालव्याने आपण होऊन वर वाहणं.

आणि त्यांचं स्वतःचं नेट? ते म्हणजे गल्लीचा विनोद. गावाचं पाणी सुरू करणारा हा माणूस कुस्तीचे व्हिडिओ बघायला आमच्या ओट्यावर येऊन बसतो, कारण त्यांच्या पुढच्या खोलीत सिग्नलची रेघ दिसत नाही. घरात एकटेच असतात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी राहात्याला दिली आहे. "बागाइतात दिली," एवढंच तिच्याबद्दल सांगतात, आणि पुन्हा सांगतात. आम्ही समजायचो, एकट्या माणसाला गप्पांसाठी निमित्त लागतं. वैद्याला स्वतःचं औषध लागू पडत नसेल.

शुक्रवारी मुक्ताने फोनवर कसलंसं ॲप घेतलं आणि आसपास कुणाकुणाचे राउटर बोलतात ते बघत घरभर फिरली. तळहातावर नारळ धरून विहिरीची जागा सांगणारे पाणाडे चालतात तशी ती चालत होती. मधल्या खोलीतून मोरीत, मोरीतून मागच्या अंगणात. तिथे थांबली.

"बाबा, इथे एक जोरदार सिग्नल आहे. आपल्याच चॅनेलवर. त्या बादलीतून."

अण्णांच्या मागच्या भिंतीवर एक लाल प्लास्टिकची बादली खिळ्याला उलटी टांगलेली असते. आमच्या अंगणातून ती रोज दिसते. मला वाटायचं, अण्णा बादली निथळायला लावतात. तीन महिने कुठली बादली निथळते, हा प्रश्न एवढ्या वाचलेल्या माणसाला पडायला हवा होता.

आम्ही पलीकडे गेलो. अण्णा कपडे धुण्याच्या दगडापाशी उभे होते. मुक्ताने बादली नुसती वर उचलली. आत राउटर, मिणमिण हिरवे दिवे, तोंड मागच्या बोळाकडे. घराकडे पाठ.

"अण्णा, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मी म्हणालो. आवाज चढलाच. सोमवार तीन दिवसांवर होता.

"व्हय."

"मग बारा कप चहा कशाला प्यायलात?"

अण्णांनी काठीने बोळापलीकडच्या पत्र्याच्या खोलीकडे दाखवलं. दारात एक म्हातारी बसली होती, मांडीवर फोन.

"ती पारूबाई. शेवटच्या चारीवर तीन एकर हुतं तिचं. मी सायकलवर रोज जायचो, ती बांधावर बसलेली. 'अण्णा, पानी?' वरची लोकं दारं फोडून घ्यायची, मला ठावं हुतं टेलला जायाचं न्हाई. पर बाईमानसाला तोंडावर न्हाई म्हनवंना. म्हनायचो, उद्या येईल." अण्णांनी काठी भिंतीला टेकवली. "दोनदा पेरलं तिनं, सर. माज्या 'येईल'वर."

मुक्ता बादली धरून तशीच उभी होती.

"आता ल्योक, सून, नातू, समदी दसऱ्यापास्नं टोळीत गेल्यात, ऊस तोडायला. लोकाच्या पान्यावरचा ऊस. साडेसहाच्या सुमाराला खोपीवर आली की फोन करत्यात, तोंड दिसायचा फोन. तिच्याकडं रेंज न्हाई. म्हनून दार इकडं फिरवलं. तुमचा इस्कोट हुतोय ह्यो माज्या दारामुळं, हे कळत हुतं. पर तुमचं चालू करायचं तर तिचं तोडावं लागंल. एकाला द्यायचं म्हंजे दुसऱ्याचं तोडायचं. पान्याचा कायदाच हाय त्यो. मी म्हनलं, मिक्सर निघतोय का बगू."

इतिहास शिकवण्यात हयात गेली, पण हेडला बसणाऱ्याने टेलबद्दल पटकन बोलू नये, एवढं त्यातून कळलं आहे.

मुक्ता दगडावर टेकली. "अण्णा, चॅनेल म्हणजे चारी. आपण दोघांनी एकाच चारीत पाणी सोडलंय, म्हणून ते एकमेकांत घुसतंय. शेजारी दुसरी चारी मोकळी आहे. मी आमचं तिकडे वळवते."

"आन माजं दार?"

"आहे तिथेच. बादलीसकट."

"पारूचं तुटंल?"

"नाही."

"थोडं कमी?"

"उलट वाढेल. दोघांचंही."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. एखाद्या नवशिक्या साहेबाने कालव्याचा नकाशा उलटा धरावा आणि तरीही त्याचं बरोबर निघावं, तसं. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसत म्हणाले, "कुनाचंच तोडायचं न्हाई? आमच्यात असं कवा झालं न्हाई, पोरी."

चॅनेल बदलायला दोन मिनिटं लागली. चहाही झाला नाही.

साडेसहाला मुक्ता मीटिंगला बसली. परदेशी साहेब हलला, हसला, चक्क शिंकला. मागच्या अंगणात अण्णा उभे राहिले आणि बोळाच्या दिशेने ओरडले, "पारू, आलं का?"

"आलं रं, आलं!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "नातू बोलतोय माजा, वरडू नगंस! जलमभर न्हाई आनलंस आन आता गाव गोळा करतंय!"

अण्णा आमच्या घरात आले, हिच्या हातचा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि शेजपाळीच्या कागदावरून मिक्सरचं नाव स्वतःच्या हाताने खोडलं.

मुक्ता मेपर्यंत आहे. अण्णांची संध्याकाळची गस्त मात्र चालूच आहे. काही बिघडलेलं नसतं, तरी ते मागच्या अंगणात मधोमध उभे राहतात आणि दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशा बेताने विचारतात, "आलं का?"

आमच्याकडे केव्हाच आलेलं असतं. तरी आम्ही लगेच उत्तर देत नाही. बोळापलीकडून पारूबाईची शिवी ऐकू येईपर्यंत थांबतो, मग म्हणतो, "आलं, अण्णा."