गालिच्याची काळजी सोड!

"गालिच्याची काळजी सोड! अगं, मी आख्खी गोदामं सांभाळलीत!"

विमानतळाच्या दारात, सामानाच्या ढकलगाडीवर हात आपटून जनरलांनी ही घोषणा केली तेव्हा आजूबाजूचे चार प्रवासी दचकून वळले. जनरल म्हणजे सैन्यातले नव्हेत हो! बंदूक त्यांनी लांबूनसुद्धा धड पाहिलेली नाही. एका कारखान्याच्या जनरल स्टोअर्सचे ते मुख्य होते. निवृत्त झाल्यावर स्टोअर्स सुटलं, 'जनरल' तेवढं चिकटून राहिलं. आणि त्यांच्या पत्नी ओघानेच जनरलीणबाई झाल्या. घरात हुकूम कोणाचा चालायचा, हे वेगळं सांगायला नको.

जनरलीणबाई लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. चांगल्या लांब. इथे संध्याकाळ झाली की तिथे सकाळ होते, इतक्या लांब. आणि दारातून पाय निघत नव्हता तो गालिच्यासाठी!

"त्याच्यावर चप्पल न्यायची नाही. खाणं नाही, पिणं नाही. काही सांडलंच तर फडक्याने नुसतं टिपायचं, घासायचं नाही. ऐकताय ना? घासायचं नाही! आणि जमलं तर एकदा फिरवून घाला. खिडकीकडची बाजू उन्हाने पार फिकी पडलीय. किती वर्षं सांगतेय!"

"झालं? आता जा बघू निर्धास्त!"

त्या गेल्या. काचेपलीकडे त्यांची पाठ दिसेनाशी झाली, तरी जनरल रिकामी ढकलगाडी धरून तिथेच उभे! शेवटी विमानतळाच्या माणसाने गाडी हातातून काढून घेतली, तेव्हा स्वारी घरी निघाली.

ठरलं होतं असं, की बाळाने मान धरली की परत यायचं. बाळाने मान धरली. मग जनरलीणबाई फोनवर म्हणाल्या, "पालथं पडायला लागलंय हो, तेवढं बघून येते." मग बाळ पालथं पडलं. मग ते रांगेल म्हणून थांबल्या. दर वेळी त्या विचारायच्या, "राहू ना अजून थोडी? तुमचं काही अडत नाही ना?"

"माझं? छे! राहा की! इथे सगळं फस्टक्लास!"

आणि फोन बंद झाला की काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड बघत जनरल कितीतरी वेळ बसून राहायचे. फस्टक्लास कसलं डोंबलाचं! घर नुसतं खायला उठत होतं. बाहेरून येताना ते पायपुसण्यावर मुद्दाम एकच पाय पुसायचे. दुसऱ्यावरून कोणीतरी ओरडेल म्हणून क्षणभर थांबायचे. कोणी ओरडायचं नाही. मग आपले निमूटपणे दुसरा पाय पुसून आत यायचे.

आता मूळ घोटाळ्याकडे येऊ.

खिडकीपाशी गालिच्यावर बसलं की तोंडावर उजेड छान पडतो, म्हणून जनरल तिथे बसून फोन करायचे. चहाचा कप बाजूला, फोनमध्ये दिसणार नाही असा! एका संध्याकाळी बोलणं रंगात आलं असताना तिकडून, "बाळ उठलं वाटतं, ठेवते हं," झालं. अजून तर काहीच बोलून झालं नव्हतं. जनरल झटकन उठले. का उठले? तर पाहुण्याला दारापर्यंत सोडायला उठतात ना, तसे! फोनवरच्या बायकोला सोडायला! आणि कपाला लाथ बसली.

चहा गालिच्यावर.

"टिपायचं!" जनरलांना आठवलं. पण टिपून कुठे समाधान होतंय? त्यांनी घासलं. जोरात घासलं. फडक्याने घासलं, मग ब्रशने घासलं. बशीएवढा डाग ताटाएवढा झाला, तेव्हा ते खाली धावले. तळमजल्यावर दंतवैद्यांचा दवाखाना होता. संकटकाळी धावून येणारा एवढाच एक शेजारी.

"डाग?" दंतवैद्य म्हणाले. "डाग म्हणजे आमचं खातं!"

"अहो, गालिचा आहे तो, दात नाही."

"तत्त्व एकच, जनरल!" आणि पांढरा कोट, तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे अशा थाटात ते दात पांढरे करायची बाटली घेऊन वर आले.

"आधी एखाद्या कोपऱ्यात लावून बघू या का?" जनरलांनी भीत भीत विचारलं.

"कोपऱ्यात? माझा पेशंट कधी म्हणतो का, आधी कोपऱ्यातली दाढ उपटून दाखवा म्हणून?"

बाटली उपडी झाली. आणि डाग गेला हो! अगदी नामोनिशाण राहिलं नाही. फक्त जाताना तो गालिच्याचा लाल रंगही घेऊन गेला. फिकट लाल गालिच्यात आता ताटाएवढा पांढराशुभ्र गोल!

"मोत्यासारखा झाला की नाही?" दंतवैद्य म्हणाले. मग जनरलांचं तोंड बघून त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

आता एकच उपाय. गालिचा फिरवायचा! खिडकीकडची बाजू आतल्या भिंतीकडे न्यायची, म्हणजे पांढरा गोल सोफ्याखाली गडप! इतकी वर्षं टाळलेलं काम दोघांनी घाम गाळत केलं. गालिचा फिरला. पण सोफा परत जागेवर ढकलताना दाराच्या कडीत अडकला आणि टर्रर्रकन आवाज झाला. टेकायच्या हातापासून बैठकीपर्यंत कापड उभं फाटलं. आतला कापूस बाहेर! जनरलांनी कपाटातून पांढरी चादर काढून सोफ्यावर पसरली, आणि धापा टाकत गालिच्यावर बसकण मारली.

नेमका तेव्हाच फोन वाजला! बाळ पुन्हा झोपलं असणार, अर्धवट राहिलेलं बोलणं पुरं करायला! उचलला नाही तर ती काळजी करणार. जनरलांनी केसांवरून हात फिरवला आणि फोन उचलला.

जनरलीणबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा मागे पाहिलं.

"अहो, तुम्ही कुठे बसलाय?"

"घरीच की."

"कोणाच्या घरी? आपला गालिचा खिडकीपाशी फिका आहे. हा लालभडक कोणाचा? आणि मागे ती चादर कसली? घाम का आलाय तुम्हाला एवढा?"

"मी... ते जरा..."

एवढ्यात दंतवैद्य मागून पुढे झाले. "जनरल, धाप लागलीय तुम्हाला. जरा आडवे व्हा बघू!" मग त्यांचं लक्ष फोनकडे गेलं आणि त्यांनी घाबरून सोफ्यामागे बुडी मारली.

झालं! पांढरी चादर, पांढरा कोट, मास्क, मोजे. जनरलीणबाईंचा चेहरा त्या चादरीसारखाच पांढरा पडला.

"हॉस्पिटलात आहात तुम्ही! माझ्यापासून लपवलंत! अगं ए," त्यांनी लेकीला हाक मारली, "माझी बॅग काढ! तिकीट बघ, आजचंच बघ!"

जनरल बघतच राहिले. बॅग काढ! किती महिने हे दोन शब्द ऐकायला ते तरसले होते! आता काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. फार तर एकदा...

"खोका," सोफ्यामागून दंतवैद्य कुजबुजले. "जरा खोका, जनरल!"

खोकला गळ्यापर्यंत आलाही होता. पण तिकडे जनरलीणबाईंचे डोळे भरून आले होते. जनरलांना ते बघवेना.

"अगं, मी ठणठणीत आहे," ते म्हणाले आणि भडाभडा सगळं सांगून मोकळे झाले. चहा, ब्रश, बाटली, चादरीखालचा फाटका सोफा, सगळं! मग मान खाली घालून ते तोफेची वाट बघत बसले.

तोफ उडालीच नाही.

"म्हणजे तुम्ही बरे आहात? नक्की?"

"नक्की."

"मग मरू दे तो मेला गालिचा! केवढी घाबरले मी!" त्यांनी डोळे पुसले. "राहू दे गं बॅग. बाळाला दात येतायत, तेवढं बघूनच निघेन म्हणते. तुमचं काही अडत नाही ना?"

बॅग आत गेली! साधं ओरडणंसुद्धा मिळालं नाही! सवयीने 'फस्टक्लास' ओठांपर्यंत आलं. पण ते त्यांनी गिळून टाकलं.

"अडतं," ते म्हणाले. "सगळंच अडतं. मला करमत नाही गं तुझ्याशिवाय. तू ये."

"काय म्हणालात? आवाज तुटला."

जनरलांनी सोफ्याच्या पाठीकडे एक चोरटी नजर टाकली. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे असलं कधी बोलले नव्हते, आणि आता बोलायचं ते दंतवैद्यासमोर! "मला करमत नाही! तू ये!"

"नाही हो ऐकू येत. जरा मोठ्याने!"

"करमत नाही मला! ये!!" खालच्या मजल्यावरचे पेशंटसुद्धा दचकले असतील.

फोनमध्ये लेकीचं हसरं तोंड घुसलं. "बाबा, नेट एकदम व्यवस्थित आहे. आई नुसती ऐकत बसलीय."

"तू हो बाजूला!" जनरलीणबाई तिला ढकलून पुढे आल्या. त्यांचा आवाज आता खरंच तुटत होता. "दर वेळी विचारलं मी. दर वेळी म्हणे फस्टक्लास! मी काय समजायचं? मी रोज वाट बघत होते, हा माणूस एकदा तरी 'ये' म्हणतोय का!"

जनरलांनी फोन आणखी तोंडाजवळ धरला. तेवढ्यात सोफ्यामागून आवाज आला.

"वहिनी, मी आता उठू का? पाय पार बधिर झालाय!"

"तुम्ही!" जनरलीणबाई कडाडल्या. "खोकायला कोणी सांगितलं, तेही ऐकलंय मी! थांबा, तुमच्याकडे आल्यावर बघते!"

दंतवैद्यांनी भीतीने मास्क पुन्हा वर ओढला. जनरल मात्र त्या फिरवलेल्या गालिच्यावर बसून वेड्यासारखे हसत होते. आख्ख्या धमकीतला एकच शब्द त्यांना ऐकू आला होता: आल्यावर!