लाल टिकलीचं ड्रोन

आमच्या शौकतभाईंच्या खिशात पेन नसतं, टिकल्यांची दोन पाकिटं असतात. एक लाल, एक हिरवं. हा दाढीवाला म्हातारा टिकल्या कुणासाठी नेतो, हे विचारायला बांगड्यांच्या दुकानातली कासारीण अजून धजावलेली नाही. मी सांगतो. या माणसानं जन्मभर वाळूजच्या कारखान्यात आलेला माल तपासला. चांगल्याला हिरवा ठिपका, खराबाला लाल. रिटायर झाले, कारखान्याचे ठिपके संपले, खोड काही जाईना. पुंडलिकनगरात आमचा जिना एक होता, म्हणून भोगलं मी. आमच्या कुकरला लाल, गॅलरीच्या कठड्याला लाल, माझ्या नव्याकोऱ्या चपलेलासुद्धा लाल! वर ऐकवणार, "मास्तर, पहले टेस्ट, बाद में ट्रस्ट."

बरं, या वयात माणसानं गप्पा माराव्या, पेपर वाचावा. यांना ड्रोन करायचं! तेही साधं नाही. हेलिकॉप्टरसारखं जागच्या जागी सरळ वर उठणारं आणि वर गेलं की विमानासारखं पुढं पळणारं. शिकले कुठं, तर मोबाइलवर व्हिडिओ बघून. आणि मी शहाणा म्हणून गेलो, "ते उडेपर्यंत आहे मी सोबत. उडालं की जातो मुकुंदवाडीला." तिथला आमचा नवा फ्लॅट तयार होता, चाव्या हातात होत्या. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, दुसरं काय!

तेव्हापासून आम्ही नवरा-बायको सामान बांधून बसलो.

मोटरींचंच बघा. स्वयंपाकघरातला वजनकाटा गच्चीवर, काट्यावर फळी, फळीवर मोटर. पंखा फिरला की काटा किती दबतो, त्यावरून जोर कळतो म्हणे. फळी कुणी धरायची? मास्तरांनी. त्याच गच्चीवर आमच्या हिनं कुरडया वाळत घातलेल्या. पंखा असा काही सुटला की कुरडया थेट शेजारच्यांच्या टाकीवर! ही ओरडतेय, मी फळी धरून बसलोय, आणि हे शांतपणे काटा वाचतायत. "जोर अच्छा है मास्तर, लेकिन आवाज पसंद नै." लाल टिकली. चारही मोटरींना.

मग जीपीएस. ते उघड्यावर ठेवायचं आणि त्याला उपग्रह सापडायची वाट बघायची. मी डोक्यावर पंचा घेऊन उन्हात. "आया, और एक आया!" व्याही यावेत तसं यांचं चाललेलं. सगळे आले, तर म्हणतात, "लई उशिरा आले." लाल टिकली. बॅटरी गरम होते, लाल. वायर कडक आहे, लाल.

शेवटी ही म्हणाली, "तुमचं ते उडंल तवा उडंल. टेम्पो कधी सांगायचा?"

माझं डोकं फिरलं. चारही मोटरी पिशवीत भरल्या आणि क्रांती चौकातल्या ज्या दुकानातून आणल्या होत्या, तिथंच नेऊन आदळल्या. "खराब माल खपवता व्हय?" दुकानदारानं एकेक मोटर लावून बघितली. "काका, यांना काय धाड भरलीय? झकास चालतायत की." खरंच चालत होत्या, खरखरसुद्धा नव्हती.

तणतणत परत आलो. "शौकतभाई, माल चांगलाय!"

ते सोल्डरिंगची कांडी पुसत राहिले. "हौ. मालूम है."

"मग लाल का?"

"हिरवी लावली की तुम्ही टेम्पो बोलावणार." एवढं बोलून खाली बघत बसले. भाभी गेल्यापासून त्यांच्या घरात चहाचा दुसरा कप निघतो तो फक्त माझ्यासाठी. मला रागही आला आणि रडूही आलं. समोरचा चहा तेवढा प्यालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्याला हिरव्या टिकल्या लावल्या. ड्रोनला दोरी बांधून गच्चीवर उडवलं. लटपटत डोक्याएवढं वर गेलं, जरा थांबलं आणि खाली बसलं. टाळ्या फक्त मी वाजवल्या.

"टेम्पो सांगा, मास्तर," ते म्हणाले.

सामान गेलं त्या दिवशी न बोलावता टेम्पोत बसून आले. नवा फ्लॅट तपासला. नळ, हिरवी. बटणं, हिरवी. खिडक्या, हिरवी. नव्या भिंतींवर टिकल्या बघून हिनं कपाळाला हात लावला. निघताना त्यांनी दारावरची बेल दाबली. खणखणीत वाजली. पुन्हा दाबली, पुन्हा वाजली. त्यांनी खिशातून लाल पाकीट काढलं.

"ये रिजेक्ट है, मास्तर. जुम्म्याला येऊन परत तपासतो."

"जुम्म्यालाच कशाला?" मी म्हणालो. "बेलचं काय खरं असतंय! रोज तपासावी लागंल."