प्राणवायू खाणारी पुडी

"आई, ही एवढीशी पुडी पाकिटातला सगळा प्राणवायू खाऊन टाकते," असं जावईबापूंनी जेवताना ऐटीत सांगितलं आणि तिथेच माशी शिंकली.

सासूबाईंना दमा. लेकीने विनवण्या करकरून त्यांना कायमचं राहायला बोलावलं होतं. अंदाज घ्यायला म्हणून त्या एकच पिशवी घेऊन आल्या होत्या. आणि त्यांच्या खोलीत, नेमकी पलंगाखाली, त्या पुड्यांची खोकी. जावईबापू खाद्यपदार्थांची पाकिटं बनवणाऱ्या कंपनीत होते. चहाचा चोथा आणि झाडांच्या साली यांची पुडीतली ही भुकटी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पुडी पाकिटात टाकली की पावाला बुरशी येत नाही, एवढंच खरं तर सांगायचं होतं. पण विद्वान माणूस, सोपं बोलेल तर शपथ.

"सगळा खाते?" सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला.

"सगळा. कणभर ठेवत नाही."

"आणि खोलीत माणूस असला तर?"

आता इथे खरं सांगायला काय जात होतं? पण जावईबापूंना थट्टेची लहर आली. "दार लावून झोपू नका म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी ते कामावरून आले तर गॅलरीत चादर अंथरलेली. तिच्यावर सगळ्या पुड्या, हवाबंद पिशव्या कापून, नीट ओळीने मांडलेल्या.

"आत कोंडून उपाशी मारलंत त्यांना," सासूबाई समजुतीने म्हणाल्या. "म्हटलं, बाहेर हवा रगड आहे. एकदा पोटभर खाऊ द्या, मग घरात कुणाला त्रास नाही."

यात खोट काढायला जागा नव्हती. हवा लागली की पुडी कामाला लागते आणि पोट भरलं की संपते. उद्या सकाळी बड्या गिऱ्हाइकासमोर याच पुड्यांची चाचणी होती. जावईबापूंचं डोकं फिरलं.

"तुम्ही आल्यापासून या घरात माझाच श्वास कोंडलाय," ते बोलून गेले.

सासूबाईंनी चादर झटकून घडी केली. सकाळी पिशवी उचलून त्या आपल्या घरी गेल्या.

चाचणीचं म्हणाल तर गिऱ्हाईक आलंच नाही, तारीख पुढे गेली. म्हणजे एवढं तोंड टाकलं ते फुकटच. जावईबापूंना स्वतःची लाज वाटली. घरी बायको कामापुरतं बोलत होती. शेवटी रविवारी ते माफी मागायला गेले आणि संध्याकाळी तरंगतच परतले.

"अगं, राग म्हणून नाही त्यांच्या मनात. मी माफी मागायच्या आधी त्यांनीच मागितली. आग्रह करकरून वाढलं. पुन्हा राहायला येणार आहेत."

बायको लगेच आईच्या उशीला अभ्रा घालू लागली. "असं म्हणाली? नेमकं काय म्हणाली?"

"म्हणाल्या, 'येईन की. बघू.'"

बायकोने अभ्रा परत काढला.

"अगं, येईन म्हणाल्यात त्या."

"इतकी वर्षं बोलवत होते ना मी," ती म्हणाली, "तेव्हा दर वेळी हेच म्हणायची."