काळीज उजवीकडे

कसालात दशावताराचा प्रयोग ऐन रंगात आला होता. राजपुत्र पडल्याची बातमी आली, राजाने छातीच्या डाव्या बाजूवर हात मारला आणि 'हाय रे, माझे काळीज फाटले' म्हणून टाहो फोडला. बायका पदर डोळ्यांना लावणार, एवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "रे राजा, काळीज उजवीकडे. डावीकडे धडधडता ता हृदय."

राजाही मालवणीच. त्याने हात उजव्या बरगडीखाली नेला आणि टाहो पुढे चालू केला. तेव्हापासून आमच्या पंचक्रोशीतले सगळे राजे उजवी बरगडी धरून रडतात. मुंबईच्या एका पाहुण्याने मला हळूच विचारलं, इथल्या राजघराण्यात पित्ताचा विकार आहे का.

आवाज देणारे ते अण्णा डॉक्टर, माझे शेजारी. जन्मभर सरकारी दवाखान्यांत नोकरी केली. लग्न राहून गेलं, कारण मन यकृतावर जडलं होतं. यकृत म्हणजे काळीज हे खाटकाला कळतं, कवीला कळत नाही, ही त्यांची कायमची तक्रार. मालवणच्या बाजारात लोक माशाचे डोळे बघतात; अण्णा मासेवालीचे बघतात. 'गो बाय, उजेडात ये' म्हणून तिची पापणी वर करायची, पांढऱ्यात पिवळं दिसलं की मासे पाटीत आणि मासेवाली रिक्षात. एकदा एका पापलेटालाही त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, असं लोक म्हणतात. लोक कशाला, मी तिथे होतो.

निवृत्तीनंतर अण्णांना सोन्याहून पिवळं काम मिळालं. आरोग्य केंद्रांतल्या तरुण डॉक्टरांना काळजाचे आजार ओळखायला शिकवायचं. ओरोसला एक हॉल, महिन्यातला एक शनिवार. खुर्च्या, टेबल, लाऊडस्पीकर माझे, कारण माझा धंदाच मंडपाचा. टेम्पोत पुढे अण्णा, मागे खुर्च्या आणि खुर्च्यांवर फणस.

फणस हा अण्णांचा अभ्यासक्रम. पोटावर एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्याने टकटक करायचं आणि आवाज कुठे पोकळ, कुठे भरीव, यावरून काळीज कुठवर आलंय ते ओळखायचं. माणसाला हात लावण्याआधी प्रत्येकाने फणस वाजवायचा. मोसम नसला तर कोहळा. लातूर-नांदेडकडच्या त्या पोरांची बोटं सोलून निघाली, पण कान असे तयार झाले की गावकरी दवाखान्यात फणस घेऊन रांग लावू लागले. एका डॉक्टरने तर केसपेपरवर लिहून दिलं, 'दोन दिवस ठेवा, मग कापा.'

"पयलो प्रश्न दारूचो इचारूचो नाय," हा अण्णांचा दुसरा धडा. काळजाचं दुखणं म्हटलं की पिणारा, असा शिक्का बसला की माणूस लाजतो आणि परत येत नाही. विषाणू रक्तातून येतो, सुईतून येतो, आईकडून बाळाला येतो. चरबी तर नुसती बसून येते. आधी हात लावा, मग बोला.

शेवटी परीक्षा. अण्णा शर्ट काढून माझ्या टेबलावर आडवे होत. एकेकाने यायचं, पोट तपासायचं आणि काय सापडलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. पोरं देवाच्या मूर्तीला टेकवावीत तशी दोन बोटं टेकवत आणि म्हणत, "नॉर्मल, सर." एवढ्या डॉक्टरांनी ठणठणीत ठरवल्यावर माणसाने पेढे वाटावेत. अण्णा मात्र घरापर्यंत तोंड फिरवून बसत. एकदाच मला म्हणाले, "बाबल्या, एक तरी हात तयार होवक होयो रे. एकच."

मग वरून कळवलं गेलं की पुढच्या महिन्यापासून प्रशिक्षण मोबाइलवर. व्हिडिओ बघायचे, बटणं दाबायची. मोबाइल जणू मीच शोधून काढला, तसं अण्णांनी मला झापलं. उरला एकच शनिवार.

त्या शनिवारी अण्णा टेबलावर आडवे झाले. पहिला आला, नॉर्मल. दुसरा आला, नॉर्मल. रांग संपत आली तसे अण्णा डोळे मिटून घेऊ लागले. शेवटी वाघमारे नावाची परभणीकडची बारकीशी डॉक्टर आली. तिने तळवे चोळून गरम केले, सरांना मोठा श्वास घ्यायला लावला. मग पुन्हा. मग आणखी एकदा. मागचे कुजबुजले, आटप. तिने हात काढला नाही. तिचे कान लाल झाले होते.

"सर, नॉर्मल नाही," ती म्हणाली. "काळजाची कड लागतेय हाताला. टणक आहे."

मला वाटलं, आता ही फणसासकट बाहेर. पण अण्णा उठून बसले आणि उघड्या अंगाने टेबलावर नाचायचेच काय ते बाकी राहिले. "गावली," ते म्हणाले. "बाबल्या, डॉक्टर गावली." टाळ्याही त्यांनीच सुरू केल्या. पोरं वाजवू लागली. मग आपण टाळ्या कशाला वाजवतोय हे एकेकाच्या ध्यानात आलं आणि हात थांबले.

टेम्पोत बसल्यावर मी चावी फिरवलीच नाही. "तुमका ठावक होता?"

"माझ्या हाताक कधीच कळलेला. नोकरीत केदवा तरी सुई टोचलेली, तेवाचा ता."

"मगे तपासून कित्या नाय घेतल्यात?"

"मीच माका सांगूचा आणि मीच ऐकूचा काय?"

अख्ख्या जिल्ह्याला तपासायला पाठवणारा माणूस हा. माझ्या तोंडात शिवी तयार होती, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वाघमारे. सोमवारी सकाळी सोनोग्राफी आणि रक्त, तिने बोलून ठेवलं होतं, ती स्वतः थांबणार होती. उपाशीपोटी या, असं तिने दोनदा बजावलं.

"होय, डॉक्टर," अण्णा म्हणाले. त्यांनी कुणाला 'होय' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

टेम्पो हायवेला लागला. अण्णा बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत होते. मग त्यांनीच तिला फोन लावला.

"डॉक्टर, उपाशीपोटी म्हणजे चहासुद्धा नाही ना?"

ती पलीकडून सावकाश समजावून सांगू लागली. जन्मभर हेच दुसऱ्यांना सांगत आलेले अण्णा एकेका शब्दाला मान डोलावत होते. तिचं सांगून झालं. फोन ठेवायचा त्यांना सुचेना.

"आणि पाणी?" त्यांनी विचारलं.