कोर्ट नंबर दोन

"शुक्रवारी चनमल्लप्पा अण्णांना शैलश्रीची मॅच टीव्हीवर दाखवतो म्हणजे दाखवतोच!"

हे वाक्य पंचाक्षरींनी भालकीच्या बाजारात, भर हॉटेलात, उभं राहून म्हटलं आणि म्हणून झाल्यावर त्यांनाच घाम फुटला. तीस वर्षं हा माणूस तालुक्याच्या ग्रंथालयात 'शांतता राखा' या पाटीखाली बसला होता. पाटीची आज्ञा वाचकांनी कधी पाळली नाही, ग्रंथपालाने मात्र निवृत्तीनंतरही मोडली नव्हती. त्यामुळे हॉटेलातली माणसं बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून त्यांच्याकडे बघू लागली.

"कशावरून दाखवतील, सर?" निंगप्पाने विचारलं. निंगप्पा डाळमिलमधला हमाल. शैलश्री त्याचीच मुलगी.

पंचाक्षरींनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांनी खेळाच्या चॅनेलला सविस्तर पत्र लिहिलं होतं, फोनवरून पाठवलं होतं, आणि उत्तर आलं होतं! ते त्यांनी छापून घेतलं होतं. 'आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे. आम्ही त्यावर लवकरच कार्यवाही करू.'

"किती दिवसांनी आलं उत्तर?"

"एका मिनिटात."

"एका मिंटात!" निंगप्पाचे डोळे भरून आले. "लई तत्पर माणसं हायेत की हो!"

पंचाक्षरींना आयुष्यात स्वतःवर कधी भरवसा वाटला नाही. छापील अक्षरावर मात्र त्यांचा पूर्ण भरवसा होता. लेखी आलं म्हणजे झालं. आणि हे व्हायलाच हवं होतं. कारण चनमल्लप्पा अण्णांकडे आता फार दिवस नव्हते.

चनमल्लप्पा शाळेतले ड्रिलमास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी डाळमिलच्या रिकाम्या गोदामात चुन्याच्या रेघा मारल्या, जाळी बांधली आणि हमालांच्या पोरींना बॅडमिंटन शिकवायला घेतलं. गोदामाचं छत इतकं खाली होतं, की शटलचं फूल जरा उंच मारलं की पत्र्यावर आदळून मेल्या चिमणीसारखं खाली पडायचं. म्हणून त्यांच्या पोरी सपाट आणि जाळीलगत खेळायच्या. त्यातली शैलश्री पुढे बेंगळुरूला गेली आणि आता मलेशियातल्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या फेरीत उतरणार होती. नेमकं त्याच महिन्यात अण्णांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, आवाज गेला. उरली ती कानाला तोंड लावून ऐकावी अशी कुजबुज. बिदरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "घरी न्या. आवडतं ते खाऊ घाला."

अण्णांना आवडत होतं बॅडमिंटन. ते ताटात कसं वाढायचं?

शुक्रवारी सकाळपासून पंचाक्षरी कामाला लागले. अण्णांची खोली अंधारी आणि माणसं तर डाळमिलमधली झाडून सगळी येणार! म्हणून टीव्ही अंगणात आणला. उन्हाने पडद्यावर काही दिसेना, तेव्हा मंडपवाल्या प्रेमानंदकडे कापड मागितलं.

"रंगीत सगळं लग्नाला गेलंय, सर. पांढरं तेवढं हाय."

"पांढरं चालेल की! त्यात काय एवढं?"

टीव्हीला तीन बाजूंनी पांढरं कापड गुंडाळलं. त्याची पाठ फाटकाकडे होती. समोर ओसरीवर अण्णांना बसवायचं होतं. सून विजयश्रीने सासऱ्यांना अंघोळ घातली, नवं धोतर नेसवलं, कपाळभर विभूती लावली, शाल पांघरली. पण अण्णांची मान काही केल्या ठरेना. वाऱ्यावरच्या कणसासारखी इकडून तिकडे लवायची.

पंचाक्षरींनी रुग्णसेवेवरचं एक पुस्तक रात्रभर वाचलं होतं. त्यांनी जुन्या धोतराची एक पट्टी फाडून अण्णांच्या हनुवटीखालून डोक्यावर बांधली आणि दुसरी कपाळावरून घेऊन मागच्या खिडकीच्या गजाला बांधली. मान ताठ! दृष्टी समोर! दोन पावलं मागे सरून त्यांनी आपलं काम पाहिलं आणि त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटलं, आपल्याला पुस्तकाबाहेरचंही काहीतरी जमतं.

"त्रास होतोय का, अण्णा?"

"टीव्ही... लाव," अण्णा कुजबुजले.

अकरापर्यंत ओसरी भरली. बाया उन्हासाठी डोक्यावर पदर घेऊन बसल्या. पंचाक्षरींनी ओठांवर बोट ठेवून फर्मावलं, "कुणी आवाज करायचा न्हाई. अण्णांना सोसत न्हाई." चाळीस माणसं मान खाली घालून गप्प बसली. टीव्हीचाही आवाज बंद ठेवला. शैलश्रीचा खेळ दोनला होता. तोवर भलत्याच लोकांचे सामने चालू होते, त्यात कुणाला रस नव्हता.

आता हे सगळं रस्त्यावरून कसं दिसत होतं, हे पंचाक्षरींना ओसरीवरून कसं कळावं?

बियाणांचा दुकानदार माणिकप्पा मोटारसायकलवरून चालला होता. फाटकापाशी त्याने वेग कमी केला. पांढरं कापड. पदर घेतलेल्या बाया. आणि मध्यभागी भिंतीला टेकवून, विभूती लावून, हनुवटी बांधून ताठ बसवलेले चनमल्लप्पा! आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला असंच बसवतात, हे काय माणिकप्पाला कुणी सांगायला हवं? त्याने गाडीवरूनच हात जोडले. डोळे पुसले. चौकात जाऊन फोन काढला. 'ड्रिलमास्तर चनमल्लप्पा लिंगैक्य' ही बातमी पाच गटांवर गेली आणि एक फोन औरादला, अण्णांची धाकटी बहीण गंगव्वा हिला गेला.

बाराला व्यापारी आले. सगळ्यात पुढे धनराज अडते, हातात झेंडूचा हार. त्यांनी हार अण्णांच्या गळ्यात घातला, पायावर डोकं ठेवलं आणि न बोलता बाजूला बसले.

पंचाक्षरींचा ऊर भरून आला. वीस वर्षं गोदामात घाम गाळलेल्या माणसाची गावाला उशिरा का होईना कदर आली! मागोमाग शाळेचे मास्तर हार घेऊन आले. मग सोसायटीवाले आले. झेंडू अण्णांच्या नाकापर्यंत चढला.

"लई सोसलं त्यांनी," धनराज हळूच म्हणाले.

"व्हय. पण आज समाधान हाय चेहऱ्यावर."

"ते दिसायलंच की. किती वाजता हाय?"

"दोनला."

"औरादची माणसं येईपर्यंत थांबणार न्हाईत?"

"ते कसं थांबतील? तिकडं मलेशियात ठरलेलं हाय सगळं."

धनराजांनी पंचाक्षरींकडे जरा वेळ बघितलं. दुःखाने माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी पंचाक्षरींच्या पाठीवरून हात फिरवला.

दोन वाजले. पडद्यावर दोन खेळाडू आल्या. एक उंच, एक त्याहून उंच. शैलश्री कुठे होती?

"सर, आपली पोरगी कुठं हाय?" निंगप्पाने विचारलं.

पंचाक्षरींनी फोन उघडला. शैलश्रीचा सामना सुरू झाला होता, कोर्ट नंबर दोनवर. आणि टीव्हीवाले दाखवत होते कोर्ट नंबर एक! त्यांनी खिशातला कागद काढून पुन्हा वाचला. 'लवकरच' असं लिहिलं होतं. आज, असं कुठेच लिहिलं नव्हतं. तीस वर्षं पुस्तकं वाचली आणि दोन ओळी नीट वाचता आल्या नाहीत! अंगण दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. अण्णांना काय सांगणार? मरणाऱ्या माणसाला गजाला बांधून उन्हात बसवलं, ते भलत्यांचा खेळ दाखवायला?

त्यांनी अण्णांच्या तोंडाशी कान नेला. शिव्या ऐकायची तयारी ठेवली.

"कोपरा... बघ," अण्णा म्हणाले.

"काय?"

"डावा... कोपरा."

पंचाक्षरींनी पडद्यापाशी जाऊन चष्मा सारखा केला. कोर्ट नंबर एकच्या मागे जाहिरातींच्या फलकांची बुटकी भिंत होती, तिच्या पलीकडे दुसरं कोर्ट होतं, आणि त्याचा हातभर तुकडा पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात दिसत होता. त्या तुकड्यात निळे कपडे घातलेली, करंगळीच्या नखाएवढी एक पोरगी मधूनच यायची, वाकायची, जाळीलगत फूल सोडायची आणि गायब व्हायची.

"शैला!" निंगप्पा ओरडला. "माझी शैला!"

"गप्प!" चाळीस जणांनी त्याला दटावलं. पण हार घेऊन आलेल्यांना वाटलं, हा मयतासमोर पोरीला हाका मारायलाय. त्यांनीही मान खाली घातली.

पंचाक्षरी परत अण्णांजवळ येऊन बसले. अण्णांचे डोळे हलत होते. सगळं अंग मेलं होतं, पण डोळे कोर्टावर होते. डावा हात शालीखाली मांडीवर थापा मारत होता. पॉइंट झाला की एक थाप.

अकरावी थाप पडली आणि फाटकात जीप थांबली.

"अण्णाऽऽ! मला टाकून कसा गेलास रेऽऽ!"

गंगव्वा! तिच्यामागे औरादच्या बारा बाया. कुणाला काही समजायच्या आत त्या तेरा जणी ओसरीपुढे भिंतीसारख्या उभ्या राहिल्या आणि एकदम रडू लागल्या. टीव्ही दिसेनासा झाला. पाठोपाठ भजनी मंडळ आलं. झांजा सुरू झाल्या.

"अक्का, सरका! अक्का, मॅच!" पंचाक्षरी ओरडले. म्हणजे त्यांना वाटलं आपण ओरडलो. तो आवाज शेजारच्या निंगप्पालाही ऐकू गेला नाही.

गंगव्वाने भावाच्या छातीवर डोकं ठेवलं. "एकदा तरी बोल रे माझ्यासंगं! एक शब्द बोल!"

अण्णांनी झेंडूतून नाक वर काढलं. होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला.

"गंगू... बाजूला हो."

गंगव्वाने भावाकडे बघितलं. भावाने गंगव्वाकडे बघितलं. मग तिने अशी किंकाळी फोडली की झांजा आपोआप थांबल्या! ती मागे कोसळली, मागच्या बारा जणी अंगणात पळाल्या, त्यातली एक वायरीत अडकली आणि टेबल, टीव्ही, पांढरं कापड, सगळं धाडदिशी फरशीवर आलं.

गंगव्वाच्या नाकाला कांदा लावून तिला शुद्धीवर आणेपर्यंत, टीव्ही फुटला नाही हे कळेपर्यंत, आणि अण्णा मेले नाहीत हे प्रत्येकाला वेगवेगळं समजावून सांगेपर्यंत पाऊण तास गेला. धनराज अडते सगळ्यात जास्त चिडले. "सर, शिकलेला माणूस तुम्ही! जित्या माणसाला असं बांधत असतात व्हय?"

पंचाक्षरी पुस्तक आणायला उठले. पट्टी कशी बांधायची, ते पान एकशे बारावर होतं.

तेवढ्यात स्मशानाकडून एक माणूस सायकलवर आला. "खड्डा तयार हाय. पण भजनवाले म्हणायलेत, मास्तर बोलायलेत. आता काय करायचं? खोदलेला खड्डा रिकामा ठेवू नाही. बुजवू का?"

अण्णांचा डावा हात शालीबाहेर आला. पंचाक्षरींनी कान नेला आणि जे ऐकलं ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं.

"अण्णा म्हणायलेत, राहू द्या. दोनदा कामून खोदायचं?"

निंगप्पाने फोनवर निकाल काढला. एकवीस-तेरा, एकवीस-पंधरा. शैलश्री हरली होती. पंचाक्षरी पट्ट्या सोडायला वाकले, कारण अण्णांच्या डोळ्यांत बघायची त्यांची छाती नव्हती.

"माफ करा, अण्णा. सगळा घोटाळा केला मी. काहीच दाखवता आलं न्हाई."

"अकरा," अण्णा म्हणाले.

"काय अकरा?"

"पॉइंट. बघितले... की."

संध्याकाळी मलेशियाहून फोन आला. "सर, टीव्हीवर दाखवलं का मला? अप्पा कायबी सांगंनात."

पंचाक्षरी 'थांब, बाई' म्हणाले. मग अण्णांच्या तोंडाशी जाऊन आले. "दिसलीस की, बाई. अण्णा म्हणायलेत, जाळीपुढं डावा पाय उशिरा उचलायलीस."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "व्हय, सर. डावाच. इथले कोच पण तेच म्हणायलेत."

त्या रात्री अण्णा चमचाभर भात जास्त जेवले.

बाराव्या दिवशी, मंगळवारी पहाटे, ते झोपेतच गेले. विजयश्रीने अंघोळ घातली, विभूती लावली. पंचाक्षरींनी त्यांना ओसरीवर बसवलं, त्याच खिडकीला टेकवून. त्याच पट्ट्या बांधल्या. मग ते फोन घेऊन बसले.

माणिकप्पा म्हणाला, "सर, एकदा फसलो की मी. आज कुठली फेरी हाय?"

प्रेमानंद म्हणाला, "कापड देतो, पण आधी मी सोता येऊन बघतो."

भजनी मंडळाने फोनच उचलला नाही. आठ वाजले तरी ओसरीवर निंगप्पा आणि डाळमिलचे चार हमाल, एवढीच माणसं होती. शेवटी पंचाक्षरींनी औरादला फोन लावला.

"अक्का, अण्णा गेले."

"खोटं!" गंगव्वा कडाडली. "पुन्हा तसलं केलास तर बघ, पंचाक्षरी! जीव जात होता माझा त्या दिवशी!"

"खरंच गेले, अक्का."

"मग दे त्याला फोन! मी इचारते त्याला!"

मोठ्या माणसांचं ऐकायची पंचाक्षरींना सवय होती. ते उठले, अण्णांजवळ बसले आणि त्यांनी फोन अण्णांच्या तोंडापुढे धरला.

"अण्णा," फोनमधून आवाज आला. "मी गंगू. सरकू का बाजूला?"

निंगप्पाने तोंड फिरवलं. पंचाक्षरींचा हात भरून आला, तरी त्यांनी फोन खाली घेतला नाही. पलीकडून गंगव्वा ऐकत होती. बराच वेळ ऐकत होती.

"पंचाक्षरी."

"व्हय, अक्का."

"कायबी बोलंना की रे तो."

"न्हाई, अक्का."

"साडेनवाच्या गाडीनं येते," ती म्हणाली.