परत द्यायच्या बोलीवर

आमच्या गल्लीत संध्याकाळी शिट्टी वाजते आणि निदान एका घरातली डाळ कच्ची राहते. कारण ती शिट्टी कुकरची नसते, हनवते सरांची असते. बायका बिचाऱ्या दुसऱ्या खोलीतून शिट्ट्या मोजत असतात. त्यात सरांची एक मिसळते आणि गॅस लवकर बंद होतो. यावरून गल्लीत कुरबुरी झाल्या, पण सरांना सांगायला कोणी जात नाही. अर्ध्या गल्लीने त्यांच्या हातच्या उठाबशा काढलेल्या आहेत.

शिट्टी वाजते ती टीव्हीतल्या पंचासाठी. सर व्हिडिओ गेम खेळतात. फुटबॉलच्या गेममधल्या पंचाने चुकीचा निर्णय दिला, की सर सोफ्यावरून उठतात, गळ्यातली शिट्टी तोंडात धरतात आणि सामना थांबवतात. टीव्हीतला पंच ऐकत नाही. मग सर त्याला तोंडी समज देतात.

खेळण्याआधी वॉर्मअप ठरलेला. पासष्टीचा हा माणूस पांढरे कॅनव्हासचे बूट घालतो, जागेवर धावतो, मान फिरवतो, मनगटं फिरवतो. मग घाम पुसून सोफ्यावर बसतो आणि तासभर फक्त दोन अंगठे हलवतो. मी एकदा म्हणालो, "सर, बसूनच खेळायचंय तर एवढी धावाधाव कशाला?"

"संज्या, आंगठ्याला रगत कुठून येतं? आंगातूनच ना?"

सरांपुढे माझी बाजू जन्मापासून लंगडी. ते आमच्या शाळेत पीटीचे शिक्षक होते आणि पीटीतसुद्धा नापास होता येतं, हे शाळेला माझ्यामुळे कळलं. आता मी एका पतसंस्थेत कॉम्प्युटर बघतो. त्यामुळे मोबाइलपासून वॉशिंग मशीनपर्यंत गल्लीतलं काहीही बिघडलं की लोक माझ्याकडे येतात. सरांच्या लेखी मात्र मी अजूनही रांगेत डावी-उजवी चुकवणारा संज्याच आहे.

सर घरात एकटे. बायको वारून बरीच वर्षं झाली. एकुलती मुलगी प्रज्ञा पुण्याला नोकरीत. गेमचं मशीन मुळात तिचंच. शाळेत असताना बापलेक दोघं मिळून खेळायचे आणि तेव्हा शिट्टी तिच्या गळ्यात असायची. ती पुण्याला गेली, मशीन राहिलं. "पडून पडून गंज चढंल म्हनून चालू ठिवलंय," असं सर सांगतात. मशीनला गंज चढू नये म्हणून त्यांनी एक लोखंडी कपाट भरून गेम घेतले.

तेही डबे. म्हणजे आत सीडी, वर चित्र, बाहेर प्लास्टिकचं कव्हर. शाळेने मोडीत काढलेलं क्रीडा विभागाचं कपाट सरांनी घरी आणलं होतं. त्यावर अजूनही 'परवानगीशिवाय हात लावू नये' असं रंगवलेलं आहे. आत बॅडमिंटनच्या रॅकेटींच्या जागी गेमचे डबे उभे आहेत, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. सर येता-जाता त्यांच्याकडे बघून "शिस्तीत" म्हणतात. डबे शिस्तीतच असतात, दुसरं करतील काय?

मी डाउनलोडवाला. घरबसल्या बटण दाबलं की गेम मशीनमध्ये. ना डबा, ना धूळ. सरांना मी हे बऱ्याच वेळा समजावलं. ते नवा डबा उघडून आधी नाकाला लावतात. "हा वास येतो का तुझ्या डाउनलोडला?"

"सर, गेम खेळायचा असतो. वास काय घ्यायचा?"

"मोगऱ्याला बी पानी घालायचं आसतंय, वास कशाला घ्यायचा? खामखा बोलू नको. वस्तू कशी, हाताला लागली पायजे."

डबे ते उसने देतात, आणि इथून खरी गंमत सुरू होते. नियम कडक. न्यायला स्वतः यायचं. दुसऱ्याला पाठवलं की सर त्याला चहा पाजून हात हलवत परत पाठवतात. परत द्यायलाही स्वतःच यायचं. आणि आल्यावर बसून, खेळताना काय काय झालं ते सविस्तर सांगायचं. मी एकदा गाड्यांचा गेम न खेळताच परत नेला. सरांनी विचारलं, "घाटातलं तिसरं वळन कसं काढलंस?" मी म्हणालो, "ब्रेक मारून." घाटच नव्हता त्या गेममध्ये. डबा पुन्हा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "जा, अभ्यास करून ये."

सगळ्यांत मोठा नियम म्हणजे डबा रिकामा परत द्यायचा नाही. आपल्याकडे शेजारणीने वाटीभर भाजी दिली तर वाटी रिकामी परत जात नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. सरांची आई हे फार पाळायची. सरांनी तोच कायदा गेमला लावला. "सर, त्यात सीडी असते की," असं मी म्हणून पाहिलं. "ती माझीच हाय. तुझं काय हाय त्यात?" मग कोणी बडीशेप घालतं, कोणी खडीसाखर. हुरड्याच्या दिवसांत डब्यातून ज्वारीचे दाणे निघतात. सर सीडी जुन्या बनियनने पुसतात, दाणे तोंडात टाकतात.

या नियमाचा सगळ्यांत प्रामाणिक पाईक म्हणजे मुंजाभाऊ. राहणारा राणीसावरगावचा, परभणी-गंगाखेड एसटीवर कंडक्टर. त्याच्याकडे जुनं मशीन आहे आणि तलवारींच्या गेमचं वेड आहे. संक्रांतीला डबा परत करायचा होता. बायकोने तिळाचे लाडू केलेले. पण गेमच्या डब्यात लाडू मावणार कसा? मुंजाभाऊने दोन लाडू तळहाताने चेपले, झाकणाच्या आतून थापले आणि डबा दाबून बंद केला. मग तो ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर ठेवून आमच्या परभणीपर्यंत आणला. वाटेत गुळाचं जे व्हायचं ते झालं.

सरांनी सीडी पुसली, पण गुळापुढे बनियनचं काय चालणार? वॉर्मअप करून सीडी मशीनमध्ये घातली. मशीन थोडं गुरगुरलं, मग दळण दळल्यासारखा आवाज आला आणि गप्प झालं. दुरुस्तीवाल्याने ते उघडलं तोवर मुंग्याही पोचल्या होत्या. "सर, मशीनमधी झुरळं निघालेली पाह्यली, पाल निघालेली पाह्यली," तो म्हणाला. "तिळगूळ पैल्यांदाच पाहायलोय."

मुंजाभाऊ तर रडायच्या बेताला आला. "सर, माझी अक्कल गहाण पडली होती."

"गप बस," सर म्हणाले. "रिकामा आनला आसतास तर मला जास्त लागलं आसतं. लाडू चांगला होता. घरी सांग."

मशीन मेलं ते मेलंच. पुण्याला बातमी मीच कळवली. प्रज्ञाने आठवड्याच्या आत नवीन मशीन पाठवलं. एकदम दोन घेतली होती, एक पप्पांना आणि एक स्वतःला, म्हणजे पुण्याहून परभणीशी रोज सामना खेळता येईल. दोन्हींत सीडी घालायची सोय नाही. सगळं डाउनलोड.

"संजूदादा, तू समजाव पप्पांना," ती फोनवर म्हणाली. "त्या डब्यांचा काही उपयोग राहिला नाही आता. तेवढं कपाट रिकामं करून दे कोणाला तरी. घरात धड बसायला जागा नाही."

मला हे काम मनापासून आवडलं. इतक्या वर्षांच्या वादाचा निकाल माझ्या बाजूने लागला होता, आणि तोही सरांच्या पोटच्या पोरीने लावला होता. मी मशीन घेऊन रुबाबात गेलो. सरांनी ते सगळीकडून फिरवून पाहिलं.

"ह्याचं तोंड कुठंय?"

"ह्याला तोंड नाही सर."

"मंग खातंय कुठून?"

"हवेतून. नेटवरून."

"हवेवर जगनारे बाबा लय पाह्यले मी. पडद्यामागं जेवतेत."

फुटबॉलचा गेम डाउनलोडला लावला. दिवसभर चालला, कारण मधे मधे लाइट जात होती. सर कॅनव्हासचे बूट घालून बसून होते. लाइट आली की पुन्हा पहिल्यापासून वॉर्मअप. शेवटी गेम उतरला तेव्हा सर दमून गेले होते आणि सामन्याच्या पहिल्याच मिनिटाला गोल खाल्ला.

"झाला का आता हा गेम माझा?" त्यांनी विचारलं.

"झाला की. कायमचा."

"मंग मुंजाला चार रोज देऊ का?"

"तसा देता येत नाही सर. तो तुमच्या खात्यावर असतो."

"बरं. तुला?"

"मलाही नाही."

सरांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. "जे दुसऱ्याला देता येत न्हाई ते माझं कसं काय रे?"

मी त्यांना परवाना म्हणजे काय, खातं म्हणजे काय, हे सांगू लागलो. पतसंस्थेत म्हाताऱ्या खातेदारांना सांगतो त्याच आवाजात. सरांनी ऐकून घेतलं. वाद घातला नाही. मला वाटलं, जिंकलो.

रोजचा सामना काही जमला नाही. प्रज्ञा ऑफिसातून सुटून ऑनलाइन येते अकरा वाजता. सर नऊला झोपतात. रविवारी तिचं दुसरंच काही निघतं. मशीनवर कापड पडलं आणि गल्लीतल्या डाळी शिजू लागल्या.

कपाटासाठी मी नांदेडचं एक गिऱ्हाईक शोधलं, जुने गेम घेणारं. सरांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "प्रज्ञा म्हनली ना? मंग दिऊन टाक."

रविवारी तो नांदेडवाला गाडी घेऊन येणार होता. मी आधीच पोचलो. "जय भीम सर," म्हणून आत पाऊल टाकलं तर जमिनीवर सगळे डबे रांगेत उभे. प्रार्थनेला पोरं उभी करतात तशी, उंचीप्रमाणे. डबे एकाच उंचीचे, तरी उंचीप्रमाणे. मी खोक्यात भरायला लागलो. सरही एकेक उचलून देत होते. "हा मुंजाचा. मला तलवारी आवडत न्हाईत, त्याच्यासाठीच घेतला होता. हा सिस्टरचा." दवाखान्यातली एक नर्स गाड्यांचे गेम न्यायला यायची, ती सिस्टर. प्रत्येक डब्यावर कोणाचं तरी नाव निघत होतं. सरांचं कुठल्याच डब्यावर निघालं नाही.

टीपॉयवर एक डबा वेगळा होता. वरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. मी हात घातला.

"त्याला हात लावू नको. ती अमानत हाय."

"कोणाची?"

"प्रज्ञाची. तिला लय हवा होता. म्हनली, पप्पा घिऊन ठिवा, मी दिवाळीला येते, नेते. त्या दिवाळीला सुट्टी न्हाई मिळाली. मंग उन्हाळ्यात म्हनली. मंग पुन्ना दिवाळी आली."

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पडलो जाणकार. "सर, तो गेम तिने नव्या मशीनवर कधीच डाउनलोड केला. खेळूनही झाला तिचा."

"म्हाईत हाय. तिनंच सांगितलं फोनवर."

"मग हा कशाला ठेवलाय?"

सरांनी डबा उचलला, बनियनच्या तुकड्याने उगाच पुसला. "संज्या, डबा न्यायचा म्हनलं की मानसाला याया लागतंय. परत द्यायचा म्हनलं की आनखी एकदा याया लागतंय. तुझ्या त्या डाउनलोडात कुनाला कुनाकडं जायचं कामच ठिवलं न्हाई बघ."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी या माणसाशी प्लास्टिकच्या डब्यांवरून भांडत होतो, आणि तो त्यांच्या जोरावर घरात चार माणसं आणत होता. त्यांना चहा पाजत होता, त्यांच्याकडून न चढलेल्या घाटांच्या गोष्टी ऐकत होता. मी खोक्यातले डबे एकेक करून परत कपाटात लावले. सरांनी फक्त एक उलटा लागला तेवढा सुलटा केला. नांदेडवाल्याला मी गल्लीच्या तोंडाशीच गाठलं. "म्हातारा तयार होत नाही," असं सांगितलं, पेट्रोलचं बघून घेतो म्हणालो.

मग तिथूनच पुण्याला फोन लावला. मी प्रज्ञाला काही उपदेश केला नाही. सर जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "दादा, त्याचं प्लास्टिकपण काढलं नाही त्यांनी?"

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने ती आली. दोन दिवस राहिली. आमच्या घरातली डाळ दोन्ही दिवस कच्ची होती, कारण शिट्ट्या आता दोन माणसं वाजवत होती. सोमवारी तिला स्टेशनवर सोडायला मी मोटारसायकल घेऊन गेलो, तर बापलेक दारात उभे. सरांनी तो डबा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"तुझ्या मशीनला चालतोय ना?"

तिच्या मशीनला सीडी घालायला जागाच नाही, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. मी भिंतीकडे बघायला लागलो.

"चालतोय की," प्रज्ञा म्हणाली. डबा तिने बॅगेत कपड्यांच्या मधोमध नीट ठेवला. "खेळून झाला की आणून देते, पप्पा."

"शिस्तीत खेळ. घाई करू नको."

मी गाडीला किक मारली. सर फाटकापर्यंत आमच्या मागे आले आणि इंजिनाच्या आवाजावरून ओरडले, "पन लय दिवस ठिवू बी नको!"